दंगा-कमिशनचा अहवाल, परमुलखी सावकार आणि नीरेचा कांठ

इ. स. १८७५ सालीं पुणे व अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांतील कर्जबाजारी रयतेनें सावकारांविरुद्ध जे दंगे केले, त्यांच्या चौकशीसाठीं सरकारनें एक कमिशन नेमिलें. त्याचा अहवाल १८७६ सालीं मुंबईस छापला गेला व १८७८ सालीं तो ब्रिटिश पार्लमेंटपुढें ठेविण्यांत आला. तेव्हांपासून आजतागायत दक्षिणेंतील शेतकऱ्याच्या कर्जाविषयीं जें जें लिहिलें गेलें, त्याचा मूळ आधार बहुधा हाच अहवाल होय. जिल्ह्यांचीं गॅझेटियरें त्यावरून लिहिलीं गेलीं, शाळांच्या क्रमिक पुस्तकांत त्याचें सार उतरलें, आणि बाहेरून आलेला व्यापारी समाज गांवाच्या संपत्तीचें व सरकारच्या धोरणाचें काय करतो, ह्याविषयींचा जो समज आज लोकांत रूढ आहे तोही पुष्कळ अंशीं येथूनच निघाला. इतक्या प्रतिष्ठेच्या ग्रंथाची प्रमाण म्हणून परीक्षा व्हावयास पाहिजे. ती कागदपत्रांचे संग्राहक व अभ्यासक ह्यांच्या दृष्टीनें व्हावी, ह्या हेतूनें आम्हीं हा लेख लिहीत आहों.

प्रथम वृत्तान्त थोडक्यांत सांगतों. भीमथडी तालुक्यांतील सुपें हें बाजाराचें गांव. तेथें १२ मे १८७५ रोजीं आसपासच्या रयतेनें गुजर दुकानदारांचीं घरें व दुकानें लुटलीं, आणि त्यांच्या चोपड्या व कर्जरोखे जाळले. तेथून हें लोण शिरूर भागांत व नगर जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदें, नगर, कर्जत ह्या तालुक्यांत गेलें. तिसांहून अधिक गांवीं दंगे झाले. ह्यापूर्वीं काही महिने, डिसेंबर १८७४ मध्यें, शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं एका देशमुखाच्या घरावर मारवाडी सावकारानें हुकूमनामा बजाविल्यावरून गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला होता. बहिष्काराचें तें शस्त्र गांवोगांव फिरलें, आणि तें पुरेसें न वाटल्यावर आग हातीं घेतली गेली. सातारा जिल्ह्यांत मात्र कुकरूड येथील सप्टेंबर १८७५ चा प्रकार सोडल्यास शांतता राहिली. कुकरूड आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यांत आहे.

ह्या सर्व प्रकारांत ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट ही कीं, दंगेखोरांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता, कागदावर होता. जेथें सावकारानें खतें मुकाट्यानें काढून दिलीं, तेथें त्यास सहसा उपसर्ग पोंचला नाहीं; जेथें त्यानें हरकत केली तेथें मारहाण व जाळपोळ झाली. अशा उठावाचा इतिहास लिहूं जाणाऱ्यापुढें एक विलक्षण अडचण उभी राहते. ज्या कागदांमुळें उठाव झाला, तेच त्या उठावांत नाहींसे झाले. कमिशनपुढें आले ते उरलेले कागद, कोर्टाच्या दप्तरांतील हुकूमनामे आणि साक्षीदारांच्या तोंडच्या हकीकती. म्हणजे जीं खतें कोर्टापर्यंत गेलीं तीं आपणांस दिसतात. जीं गांवींच फिटलीं, फाटलीं, वा जळलीं, तीं दिसत नाहींत. भांडणाचा कागद टिकला व सलोख्याचा गेला. ह्या एका कारणानें अहवालांतील सावकार-कुळांचें चित्र वास्तवाहून अधिक काळें झालेलें असणें संभवतें. हें चित्र खोटें आहे असें आम्हीं म्हणत नाहीं. तें एका बाजूनें उजळलेलें आहे, एवढेंच म्हणतों.

आतां अहवालाच्या मुख्य सिद्धान्ताकडे वळूं. कमिशनचें म्हणणें असें कीं, गुजराती वाणी ह्या देशांत जुन्या काळापासून राहिलेले. मारवाडी मात्र बहुतांशीं पेशवाईच्या अस्तानंतर आलेले. मारवाडांतून एखादा मनुष्य आप्ताच्या पेढीवर गुमास्ता म्हणून येतो, थोडें भांडवल सांठवून स्वतःचें दुकान मांडतो, आणि पुढें आपल्याच मुलुखांतून दुसऱ्यास बोलावून घेतो. गांवाशीं त्याचा रोटीबेटीचा वा देवधर्माचा संबंध नसतो. म्हणून लोकनिंदेची भीड त्यास नसते, आणि वसुलींत तो कठोर होतो. ज्या गांवांत ब्राह्मण व मारवाडी असे दोन्ही सावकार होते, तेथें बहुधा मारवाड्यासच उपद्रव झाला, ही गोष्ट अहवालानें पुरावा म्हणून पुढें केली आहे.

ह्या अनुमानाची न्यायशास्त्राच्या रीतीनें तपासणी करूं. 'जेथें परमुलखी सावकार, तेथें दंगा' अशी ही व्याप्ति आहे. ती खरी असती तर खानदेश, वऱ्हाड, नागपूर ह्या प्रांतांतही १८७५ सालीं आगी लागावयास पाहिजे होत्या. कारण मारवाडी सावकार तेथें पुष्कळ होते. तसें झालें नाहीं. अर्थात् हेतु व्यभिचारी ठरला. शिवाय नैयायिक ज्यास उपाधि म्हणतात ती येथें शोधावी लागते. 'अग्नि आहे तेथें धूर आहे' हें म्हणणें तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यापाशीं फसतें, कारण धुराला ओलें सरपण लागतें. तसें ह्या दंग्याचें ओलें सरपण कोणतें?

एक उत्तर कमिशनचेच एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन ह्यांनीं आपल्या वेगळ्या मतपत्रिकेंत दिलें. ते उत्तर हिंदुस्थानांतून आणलेले अधिकारी, म्हणून मुंबई सरकारच्या महसूल खात्याचे मिंधे नव्हते. त्यांनीं फेरआकारणीकडे बोट दाखविलें. इंदापूर तालुक्याची पहिली पैमाष १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं केली व तीस वर्षांचा सारा ठरविला. ती मुदत संपतां संपतां अमेरिकेंतील यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) सुरू होऊन कापसाचे भाव भडकले होते, आणि त्या भडकलेल्या भावांच्या छायेंत नवा सारा ठरला. युद्ध संपलें, भाव उतरले, सारा मात्र चढलेलाच राहिला. ह्याला सरकारचीच एक साक्ष आहे. ऑक्टोबर १८७४ मध्यें, म्हणजे सुप्याच्या दंग्यापूर्वीं सुमारें सात महिने, मुंबई सरकारनें ठराव करून वाढीस मर्यादा घातली: तालुक्याची वाढ शेंकडा ३३ हून, एका गांवाची ६६ हून व एका खातेदाराची १०० हून अधिक नसावी. औषधाची मात्रा पाहिली म्हणजे रोगाची कल्पना येते. खातेदाराचा सारा दुपटीहून अधिक वाढूं नये असा नियम ज्यांना करावा लागला, त्यांच्या हातून तत्पूर्वीं काय झालें असेल तें वाचकांनींच ताडावें.

पण कॉल्व्हिनसाहेबांचें मतही जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. नगर जिल्ह्यांतील ज्या तालुक्यांत दंगे झाले, तेथें पहिल्या पैमाषीची तीस वर्षांची मुदत अद्याप भरावयाची होती. नवा सारा बसलाच नव्हता. सारावाढ हें एकच कारण असतें, तर पारनेरकरांनीं खतें कां जाळावीं? तेव्हां परमुलखी सावकार हें जसें पुरेसें कारण नव्हे, तसें सारावाढ हेंही नव्हे. पूर्वपक्ष व उत्तरपक्ष दोन्ही लंगडे निघाले, म्हणजे तिसऱ्याचा शोध करणें प्राप्त आहे.

तो शोध आम्हीं नीरेच्या दक्षिण कांठीं शिरवळास बसून करतों, आणि स्थळाचा येथें खरोखरच उपयोग आहे. १८१९ च्या तहानें सातारच्या छत्रपतींचें जें राज्य बांधून दिलें गेलें, त्याची उत्तर सीमा नीरा व भीमा ह्या नद्या, आणि दक्षिण सीमा कृष्णा व वारणा. उत्तरेकडे १८१८ पासून कंपनीचा अंमल बसला. दक्षिणेकडे १८४८ सालीं राज्य खालसा होईपर्यंत छत्रपतींचा कारभार चालला. नदी तीच, पाऊस बहुधा तोच, कुणबी तोच. पण उत्तर तीरावरच्या कुळास कंपनीचें दिवाणी कोर्ट तीस वर्षें आधीं दिसलें. पुढें दंगा झाला तो उत्तरेस. दक्षिणेस एक कुकरूड सोडल्यास नाहीं. साताऱ्यांतील सावकार बहुतांशीं ब्राह्मण होते, त्यामुळें कमिशनचा पक्षही येथें लागू पडतो असें कोणी म्हणेल. तें खरें, दोन कारणें येथें एकाच जागीं एकवटलीं आहेत, आणि त्यांची फारकत केवळ ह्या उदाहरणानें होत नाहीं. परंतु कोर्टाच्या मुदतीचा मुद्दा कमिशननें सीमेच्या दृष्टीनें पाहिलाच नाहीं, आणि तो पाहिल्यावांचून निकाल देणें म्हणजे एका पक्षकाराची साक्ष न घेतां हुकूमनामा लिहिणें होय.

कोर्टानें नेमकें काय केलें, तें हिशेबानेंच दाखवूं. १८५५ सालीं व्याजदरावरील जुनी कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला व साध्या खताची मुदत तीन वर्षें ठरली. हेतु चांगला होता: जुन्या खतांचीं भुतें उठवून कुळास कोणी छळूं नये. पण फळ उलटें आलें. समजा, कुळानें १०० रुपये दरमहा दर शेंकडा २ रुपये व्याजानें घेतले. तीन वर्षांनीं व्याजाचे ७२ होऊन रक्कम १७२ झाली. मुदत बुडूं नये म्हणून सावकार नवें खत मागतो व त्यांत १७२ हेंच मुद्दल लिहितो. आणखी तीन वर्षांनीं तें सुमारें २९६, आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस सुमारें ५०९. खत बदललें नसतें तर सरळ व्याजानें ३१६ झाले असते. आणि आमच्या धर्मशास्त्राचा दामदुपटीचा नियम लावला असतां एका वेळीं २०० हून अधिक मागतांच आले नसते. हा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे, आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो हिंदूंमध्यें मानीतही होतीं. परंतु व्याज मुद्दलांत शिरलें कीं दामदुपटीचा हिशेब नव्या मुद्दलापासून सुरू होतो. अशा रीतीनें कुळाच्या रक्षणासाठीं केलेल्या तीन वर्षांच्या कायद्यानें त्याच्याच रक्षणाचा हजारों वर्षांचा नियम नकळत बुडविला. ह्यांत मारवाडच्या वाळूचा काय दोष? हीच युक्ति ब्राह्मण सावकारासही खुली होती, आणि त्यानेंही ती वापरली.

तेव्हां आमच्या मतें सिद्धान्त असा बसतो. दंग्याचें उपादान म्हणजे खत व कोर्ट ह्यांची जोडी. तें घट्ट होण्यास १८६५ नंतरची मंदी व उसनवारीची एकाएकीं झालेली टंचाई कारण झाली. पुण्याच्या कांहीं तालुक्यांत सारावाढीनें भर घातली. आणि राग कोणाच्या दाराकडे वळावा, हें मात्र सावकाराच्या परकेपणानें ठरविलें. परकेपण हें रागाचें कारण नव्हे, रागाची दिशा होय. कमिशननें दिशेलाच कारण मानिलें, हा त्याच्या तर्कांतील मुख्य दोष.

नंतरच्या इतिहासकारांनीं ह्या चित्रांत पुष्कळ दुरुस्ती केली आहे. रविंदर कुमार ह्यांनीं १९६८ च्या आपल्या ग्रंथांत ब्रिटिश अंमलानें गांवाची जुनी घडी मोडल्यावर भर दिला. नील चार्ल्सवर्थ ह्यांनीं १९७२ सालीं दंग्यांचें महत्त्व वाजवीपेक्षां फुगविलें गेलें असा आक्षेप घेतला. दंग्यांचा विस्तार लहान होता व कर्जाचा प्रश्न त्याहून फार जुना होता, असें त्यांचें प्रतिपादन. दोघांचेंही श्रम आदरणीय आहेत. आमची तक्रार एवढीच कीं, चर्चा सरकारी इंग्रजी कागदांभोंवतींच फार फिरली आहे. कुणब्याचें खत मोडींत; सावकाराची रोकड व खातेवही महाजनी अक्षरांत. वाद ह्या दोघांचा, पण त्यांच्या वह्या समोरासमोर ठेवून वाचल्या गेल्या नाहींत.

परमुलखी समाजानें ह्या देशाच्या अर्थकारणांत काय भर घातली, ह्याचा विचारही अहवालांत अपुरा आहे. पेशवाईंत सावकारी ही राज्यकारभाराचा एक भाग होती. पुण्याच्या पेढ्या सरकारास व सरदारांस कर्ज देत, आणि वसुलाच्या वराता व हुंड्या त्यांच्या हातून फिरत. १८१८ नंतर दरबार गेला, फौजा मोडल्या, आणि त्या पेढ्यांचें जीवनच आटलें. सारा मात्र आतां रोख व ठराविक हप्त्यानें द्यावयाचा. पीक खळ्यावर येण्याआधीं हप्ता आला तर रोकड कोणी द्यावी? ती पोकळी ज्यांनीं भरली, त्यांत मारवाडी प्रमुख. त्यांच्याजवळ जमीन नव्हती, पाठीशीं राजसत्ता नव्हती; पण जोधपुरापासून मुंबईपर्यंत आप्तांची साखळी होती. एका गांवच्या दुकानदाराची हुंडी दुसऱ्या शहरीं आप्ताच्या विश्वासावर पटे. घाटावरचा कापूस व धान्य मुंबईच्या बाजारास जोडण्याचें काम ह्या साखळीनें केलें, आणि १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाल्यावर तें जोरानें वाढलें.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही उसनवार विहिरीस, बांधास, बैलास थोडी लागली. साऱ्यास, लग्नास व पोटास अधिक लागली. सावकारास जमिनीपेक्षां पिकावर हक्क हवा असे. जमीन नांवावर चढली तरी ती कसणारा पूर्वीचाच मालक, आतां खंडकरी म्हणून. मिळालेल्या नफ्याचा कांहीं भाग गांवच्या मातीत न मुरतां मूळ मुलुखाकडे वा शहराकडे जाई. म्हणजे ह्या समाजानें व्यापाराच्या वाटा रुंद केल्या, शेताची ताकद मात्र फारशी वाढविली नाहीं. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र सांगितल्यावांचून न्याय होत नाहीं. केवळ पहिला सांगणारे स्तुतिपाठक, केवळ दुसरा सांगणारे निंदक.

सरकारी धोरणावर झालेला परिणाम ह्याहून विलक्षण आहे. मारवाड्यांनीं अर्ज-विनंत्या करून कायदा करविला असें घडलें नाहीं. त्यांच्याविषयींच्या तक्रारीनेंच कायदा घडविला. १८७६-७७ चा दुष्काळ व १८७९ च्या आरंभीं वासुदेव बळवंत फडके ह्यांनीं केलेलें बंड ह्यांनीं सरकार अधिक सावध झालें, आणि त्याच वर्षीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा १८७९ चा सतरावा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लावला. म्हणजे दंगा उत्तरेस झाला, पण कायद्याचें छत्र नीरा ओलांडून आमच्या शिरवळावरही आलें. ह्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, मुद्दल व व्याज ह्यांचा निराळा हिशेब मांडावयास लावला, शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिलें जावें असें ठरविलें, आणि कर्जासाठीं कैदेंत टाकण्याची चाल बंद केली. दामदुपटीच्या मागें जो न्यायविचार होता, तोच वेगळ्या वाटेनें परत आला असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु ह्या कायद्यानें एक गोष्ट झांकलीही. दोष परमुलखी सावकाराचा असें ठरल्यावर साऱ्याचा प्रश्न मागें पडला. कॉल्व्हिन ह्यांची मतपत्रिका छापली गेली, पण धोरणाचा रोख ऋणको व धनको ह्यांच्या संबंधावरच राहिला. परका माणूस हा अशा वेळीं राज्यकर्त्यांस फार सोयीचा पडदा होतो. जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत सावकाराबरोबर कोर्टकचेरी, कामगार व सरकारी साराही आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा केला. कमिशनच्या अहवालाहून त्यांची दृष्टि ह्या बाबतींत अधिक व्यापक होती. कायद्यावर सावकारांनीं तोडही काढली: गहाणखताऐवजीं खरेदीखत करून घेण्याचा प्रघात पडला, आणि तें उघड करण्यासाठीं पुढें कायद्यांत दुरुस्ती करावी लागली. १८८३ व १८८४ चे तगाईचे कायदे, १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आणि १९४६ चा सावकारी नियंत्रणाचा कायदा ही ह्याच प्रवाहाचीं पुढचीं वळणें होत.

आतां आरसा फिरवून पाहूं. सातारा व सांगली हे जिल्हे केवळ बाहेरच्यांस वस्ती देणारे नाहींत. आपलीं माणसें बाहेर धाडणारेही आहेत. पाटण-जावळीकडचे हमाल मुंबईच्या बाजारांत ओझीं वाहावयास गेले. पाटण तालुक्यांतले अण्णासाहेब पाटील ह्यांनीं त्यांस संघटित केलें, आणि १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा झाला. गांव सोडून गेलेल्यांनीं शासनाकडून स्वतःसाठीं कायदा मिळविल्याचें हें चोख उदाहरण. दुसरें उदाहरण रोजगार हमीचें. तासगांव तालुक्यांतील विसापूरचे वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून ही योजना निघाली. १९७२ च्या दुष्काळांत तिची निकड पटली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. त्या खर्चासाठीं १९७५ च्या कायद्यानें व्यवसाय-कर बसविला, आणि तो मुख्यतः शहरांतील कमावत्यांकडून येऊं लागला. पूर्वीं मुंबईकर मुलगा मनिऑर्डरीनें आपल्या एका घराला पोसत होता. आतां नगरवासी कमावता कराच्या वाटेनें ओळख नसलेल्या घरासही हातभार लावूं लागला. देशांतर केलेल्यांचा पैसा व शासनाचें धोरण ह्यांची सांगड कशी पडते, हें पाहावयास दूर जाण्याचें कारण नाहीं.

तिसरें उदाहरण अधिक बोलकें. खानापूर, विटें, आटपाडी ह्या अवर्षणी भागांतले गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या शुद्धीकरणासाठीं केरळापासून पंजाबापर्यंत गांवोगांव पसरले आहेत. एक जण जातो, दुकान मांडतो, मग भावास व भाच्यास बोलावून घेतो. कमिशननें मारवाड्याच्या प्रवासाचें जें वर्णन केलें, तें शब्दशः येथें लागू पडतें. तेथल्या गांवांत आमचा विटेकर हाच परमुलखी. उद्यां कोणी तेथें अहवाल लिहून, ह्या माणसाचा आमच्या देवधर्माशीं संबंध नाहीं म्हणून तो कठोर आहे, असा निष्कर्ष काढला तर आम्हांस तो न्याय्य वाटेल काय? जी कसोटी आपल्या माणसास लावावयास आपण कचरतों, ती शंभर-दीडशें वर्षें शेजारीं राहिलेल्या घराण्यांस लावूं नये. अनेक मारवाडी व गुजर घराणीं आज येथें सहा-सहा पिढ्या आहेत, घरीं मराठी बोलतात, आणि त्यांचें परकेपण बरेंचसें क्रमिक पुस्तकांतील त्या एका परिच्छेदांत उरलें आहे. इतिहासलेखनांतील ढिसाळ अनुमानाचा दंड असा जिवंत माणसांस भरावा लागतो. म्हणूनच हें परीक्षण आम्हीं आवश्यक मानिलें.

शेवटीं संग्राहक मंडळींस चार गोष्टी सुचवितों. शिरवळ परगण्याचें नांव सतराव्या शतकांतील वतनी कागदांत येतें, म्हणून तसा महजर हातीं लागला कीं आपण तो डोक्यावर घेतों. पण १८५० ते १८८० मधील कर्जखत दिसलें तर 'हें अलीकडचें' म्हणून बाजूस सारतों. पहिली सूचना ही कीं, हा भेद सोडावा. दुसरी, मुद्रांकाच्या हौसेनें कागदाचा वरचा छापील भाग कापून खालचा मोडी मजकूर रद्दींत देण्याची चाल आमच्या पाहण्यांत आली आहे. ती ताबडतोब थांबली पाहिजे. शिक्का सरकारचा एकसारखाच असतो. मजकूर त्या एका कुळाचा असतो व तो दुसरीकडे कोठेंही नसतो. तिसरी, एकाच कुळाचीं लागोपाठचीं खतें एकत्र राखावीं व त्यांचा क्रम मोडूं नये. कारण वर दाखविलेला शंभराचे पांचशें होण्याचा हिशेब सुट्या खतावरून कळत नाहीं, मालिकेवरूनच कळतो. चौथी, जुन्या दुकानदार घराण्यांस सन्मानानें भेटून त्यांच्या महाजनी वह्यांच्या प्रती घेऊं द्याव्यात अशी विनंती करावी, आणि मोडीच्या वर्गांबरोबर महाजनी लिपीचाही वर्ग मंडळानें चालवावा. घराण्यांस अवघड वाटेल अशीं नांवें झांकून ठेवण्याचें वचन द्यावें व तें पाळावें. माथाडी व गलाई मंडळींचीं पत्रें, मनिऑर्डरीच्या पावत्या व पेढीच्या वह्याही ह्याच न्यायानें आजच जमवाव्यात.

दंगा-कमिशनचा अहवाल टाकाऊ नाहीं. गांवोगांवच्या साक्षी त्यानें टिपून ठेवल्या नसत्या, तर त्यावर आक्षेप घेण्यास लागणारी सामग्रीही आम्हांस मिळाली नसती. पण तो एका खटल्यांतील एक कैफियत आहे, निवाडा नव्हे. कुळाचें खत व सावकाराची वही एका मेजावर उघडून वाचली जाईल, तेव्हां निवाड्यास बसतां येईल. नीरेच्या दोन्ही कांठांवरच्या संग्राहकांनीं आपापल्या घरचीं जुनीं दप्तरें पाहून तसे कागद असल्यास मंडळास कळवावें, इतकीच प्रार्थना. इत्यलम्.